विमानाच्या शेपटीवर पालघट

दक्षा कधी विमानात बसली नाही. उधव्याकडच्या त्या पाड्यावरून विमान दिसलंच तर सुपारीच्या खांडाएवढं दिसतं, सुरतेच्या अंगाला जाताना. पण विमानाचं अंग तिला असं ठाऊक होतं, जसं न्हाऊ घालणाऱ्या बाईला तान्ह्याचं अंग ठाऊक असतं. पंखाखाली तेल कुठं झिरपतं, दाराच्या कडेला हात लागून लागून रंग कुठं उडतो, धुराची काजळी कुठल्या बाजूला बसते, सगळं तिला तोंडपाठ.

कॉम्प्युटरवर विमान उडवायचे खेळ असतात. त्यातलं विमान आधी नुसतं कोरं, उघडंबोडकं असतं. त्याला रंग, पट्टे, नंबर, मळ, गंज चढवायचा, हे दक्षाचं काम. ब्लाऊज बेतून कापलं की पाठ, बाह्या, पट्ट्या असे तुकडे चटईवर मांडून ठेवतात ना, तसं विमानाचं अख्खं अंग पडद्यावर सपाट पसरलेलं असतं. पंख इकडे, पोट तिकडे, शेपूट कोपऱ्यात. त्या तुकड्यांवर एकावर एक थर द्यायचे. तळाला रंग, त्यावर पट्टे, त्यावर अक्षरं, सगळ्यात वर ऊनपावसाच्या खुणा. या थरालाच लेयर म्हणतात. प्रत्येक लेयरपुढे एक बारकासा डोळा काढलेला असतो. डोळा उघडा ठेवला तर थर दिसतो, मिटला तर दिसत नाही. दिसत नाही म्हणजे गेला असं मात्र नाही. असतो तिथंच.

तिचं माहेर सरावलीचं, डहाणू रोडला लागूनच. बारावीनंतर ती स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायला बसायची. नवऱ्याच्या डोळ्यांखालचं काळं काढ, नवरीच्या आत्याचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघड, असली कामं. तिथंच नविनभाईने तिचा हात पाहिला. नविनभाई चिकूवाडीवाल्या गुजराती घरातला. बापाला वाटे पोराने चिकू बघावेत, पोरगा विमानं बघत बसला. डहाणूच्या इराणी रोडवर एका दुकानाच्या माडीवर त्याने दोन कॉम्प्युटर मांडले आणि खेळातली विमानं तयार करून परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानात विकायला लागला. दक्षाचं लग्न तलासरीकडे धनेशशी झालं, तरी काम सुटलं नाही. सासरी मागच्या खिडकीशी तेवढं नेट यायचं. त्या खिडकीशी स्टूल मांडून ती बसायची, आणि पाड्यावरच्या बाया येताजाता म्हणायच्या, "धनेशची बायको काय गो, विमान धुते का आज?"

सासू हिरी मात्र त्यात कधी बोलली नाही. हिरी धवलेरी होती. वारल्यांच्या घरात लग्न निघालं की आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आणि त्या चौकाच्या मधोमध पालघट देवी बसवतात. चौक सवाशिणी काढतात, मधली देवी हिरी स्वतः काढायची, पण एकेका रेघेचं गाणं धवलेरी म्हणते. गाणं नसेल तर त्या रेघा म्हणजे नुसतं पीठ. देवीचं तोंड कपड्याने झाकलेलं असतं, ते भगत आल्यावरच उघडतं. आणि हिरीच्या घरची रीत अशी, की लग्न पार पडलं की देवीला निरोपाचं गाणं म्हणायचं आणि मगच त्या भिंतीवर गेरूचा हात फिरवायचा. गाण्याशिवाय फिरवायचा नाही. निरोप न घेता बसून राहिलेली देवी दुसऱ्या भिंतीवर बोलावली तर येत नाही, असं ती मानायची. आता येत नाही तर न येवो, असं म्हणून चालत नाही. देवी नाही तर लग्न कुणासमोर लावायचं?

धाकट्या दिराचं, रविंदरचं लग्न ठरलं होतं. त्याच दिवसांत नविनभाईचा फोन आला.

"दक्षाबेन, दोन माणसाचा जुना शिकाऊ विमान आहे. एकदम जुना पाहिजे हं. ऊन खाल्लेला, वरसाद, म्हणजे पाऊस खाल्लेला. नवा नवा दिसला ना, तर लोक हसेल."

दक्षाने रंग चढवला, पट्टे ओढले, नंबर टाकला. जुनेपण मात्र येईना. बाजारात तयार मळाचे, गंजाचे फोटो मिळतात, ते लावून पाहिले तर विमान नाटकातल्या भिकाऱ्यासारखं दिसायला लागलं. मग एका सकाळी तिची नजर आतल्या खोलीतल्या भिंतीवर गेली. कुडाची भिंत, वर गेरू, गेरूवर पुन्हा गेरू, कुठं पोपडा, कुठं बारीक तडा, कुठं पाठ टेकून टेकून आलेली चकाकी. तिने मोबाईलवर फोटो काढला आणि विमानाच्या अंगावर सगळ्यात वरचा थर म्हणून अगदी फिकट करून पांघरला. विमान एकदम जुनं झालं, म्हणजे कुणाच्या तरी हातचं झालं. तिला आनंद वाटला. मग तडे जरा उठून दिसावेत म्हणून तिने त्या थरावर एक फिल्टर लावला, उजेड आणि सावली यांतलं अंतर वाढवणारा.

शेपटीच्या तुकड्यावर पांढऱ्या रेघा वर आल्या.

आधी तिला वाटलं, पोपड्याची कड असेल. मग चौकट दिसली. चौकटीच्या आत दातेरी रेघ, तिच्या आत आणखी एक. आणि मधोमध, हात उचललेली, ती.

तो दक्षाच्याच लग्नाचा चौक होता. निरोपाचं गाणं होऊन गेरूखाली गेलेला. भिंतीवर नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फिल्टरने तेवढं गेरूच्या आतलं पीठ शोधून काढलं, आणि निरोप दिलेली देवी न बोलावता पुन्हा वर आली.

दक्षाने खांद्यावरची ओढणी काढली आणि लॅपटॉपवर टाकली. हे तिने विचार करून केलं नाही, हातानेच केलं. मग ओढणीखाली हात घालून, मान तिरकी करून ती काम करायला लागली. दुसरी कुणी असती तर तेवढा भाग निवडून डिलीटचं बटण दाबून मोकळी झाली असती. दक्षाचं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथंच थबकलं. पुसायचं म्हणजे कुणाला? आणि गाणं कोण म्हणणार? तिला स्वतःला ते गाणं येत नव्हतं, आणि सासूला विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागणार होतं. शेवटी तिने देवी विमानावरून अलगद उचलली, तिला तिचा वेगळा थर दिला, थराला 'झाकण' असं नाव ठेवलं आणि त्याचा डोळा मिटला. खालची शेपूट दुसरीकडचा रंग आणून बुजवली. कपड्याने झाकावं तशी झाकली, असं तिने मनाला समजावलं. महालक्ष्मीच्या डोंगराच्या दिशेला हात जोडले आणि फाईल धाडून दिली.

चूक झाली ती इथं. नविनभाईला फाईल थर सुटे ठेवूनच लागायची, नंबरबिंबर बदलायचा असला तर हाताशी असावा म्हणून. दक्षाला हे ठाऊक होतं. पण झाकलेलं कुणी उघडून बघेल, हे काही तिच्या मनात आलं नाही. तिच्या घरात कुणी बघत नसे.

लग्नाचे तांदूळ निवडायला बाया ओट्यावर बसल्या होत्या तेव्हा मोबाईल वाजला. दक्षाने हात झटकून पाहिलं. ढगांवरून विमान चाललेलं, ऊन तिरपं पडलेलं, जाहिरातीसाठी काढलेलं चित्र. आणि शेपटीवर, ढगाइतकी पांढरी, उघड्या तोंडाची पालघट. खाली नविनभाईने लिहिलं होतं, "दक्षाबेन, छुपा रुस्तम! हा लेयर बंद का ठेवला होता? बेस्ट तर हाच आहे!"

"कुणाचा गो?" शेजारच्या भिकीने विचारलं.

"कामाचा," दक्षा म्हणाली आणि मोबाईल पालथा घातला. सुपातले तांदूळ तिला दिसेनात. परवा चौक काढायचा होता.

संध्याकाळी धनेश उंबरगावच्या कारखान्यातून आला तसा तिने त्याला गोठ्यामागे गाठलं. चित्र पाहून तो आधी हसला. "भारी दिसते गो." मग त्याचं हसू गेलं. "ही... आपल्या लग्नाची हाय का?"

"हो."

"मग उतरव ना लवकर."

"मी कुठून उतरवू? फाईल त्याच्याकडं गेली."

"आयेला नको सांगू. त्याला फोन कर, तो बदलून टाकेल, कुणाला कळणार पण नाय."

फोन लागला तो कितीतरी वेळाने. नविनभाई वापीला होता. मागे गाड्यांचा कलकलाट. "अरे बेन, काढायचा कशाला? फाईल दुकानात चढवली ने मी. ते लोक तपासेल, परवा विकायला लागेल. आता मागे घेतला तर पुन्हा रांगेत छेल्ला, शेवटचा नंबर, समजली? उद्या दुपारी मी डहाणूला आहे, ये ना, शांतीथी बोलू."

परवाच. म्हणजे इकडे हिरी देवीला बोलावणार आणि तिकडे देवी अजून शेपटीवर बसलेली. दक्षाला अन्न गोड लागलं नाही. लग्नात काही कमीजास्त झालं, नवरीच्या माणसांशी बिनसलं, मांडवात कुणाला चक्कर आली, पुढंमागं त्या जोडप्याचं काही वाईट झालं, तरी ते कुठून आलं हे आपल्याला ठाऊक असणार आणि आपण तोंड मिटून वाढत राहणार, हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. धनेशने दोनदा विचारलं, "अजून त्याच विचारात?" तिने दोनदा नाही म्हटलं.

सकाळी हिरी आणि ती आतल्या भिंतीला गेरू लावत होत्या. तीच भिंत. दक्षाचा हात एका जागेवर फिरेचना.

"तिथं का सोडलंस?" हिरी म्हणाली. "लाव की."

"आये, माझ्या हातून चूक झाली."

"काय सांडलं?"

"सांडलं नाय." आणि मग तिने सांगून टाकलं. फोटो, फिल्टर, रेघा, ओढणी, मिटलेला डोळा, नविनभाई. हिरीचा गेरूचा हात भिंतीवर तसाच टेकलेला राहिला, आणि त्याखालून एक ओघळ मनगटापर्यंत आला.

"तोंड उघडं हाय तिचं?"

"हो."

"कुठं बसवलीस?"

"मी नाय बसवली, आये... विमानावर. शेपटीला."

"शेपटीला!" हिरी खाली बसली.

"खरं विमान नाय. खेळातलं."

"खरं असतं तर कुठं तरी उतरलं असतं. हे तुझं खेळातलं उतरतं का कधी?"

उतरतं, आणि पुष्कळ पोरं ते मजा म्हणून मुद्दाम आपटतातसुद्धा, हे दक्षाने सांगितलं नाही.

"पुसली का नायस तिथंच?"

"गाण्याशिवाय कशी पुसू?"

हिरीने तिच्याकडे पाहिलं. रागावली की काय ते कळेना. "तेवढं कळलं तुला," ती म्हणाली. "मग पुढचं का नाय कळलं? झाकलीस आणि झाकलेली लोकाच्या घरी धाडलीस. त्याने कपडा उचलून बघितलं. तो बिचारा काय करेल, त्याला काय ठाऊक?" आणि उठून तिने हात धुतले. "चल. मला त्याच्याकडं ने."

तलासरी नाक्यावरून डहाणूची एसटी मिळाली. हिरीच्या पदराला तांदूळ बांधलेले, पिशवीत नारळ, दक्षाच्या खांद्याला लॅपटॉप. दक्षा खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि मनात देवीला म्हणत राहिली, आई, आजचा दिवस सांभाळ, पुन्हा भिंतीकडे मोबाईल धरणार नाही.

नविनभाई माडीवर होता. हिरीला बघून उठला, खुर्ची पुढे केली. "आव मावशी, बेसो, बेसो. थंड काय घेणार?"

"ते राहू दे, शेट. आमची देवी तुमच्याकडं हाय, तिला न्यायला आलो."

नविनभाईने दक्षाकडे पाहिलं. दक्षाने मान खाली घातली.

"मावशी, राग नको करू. पण वारली चित्र तर सगळीकडे आहे. कपावर आहे, साडीवर आहे, हॉटेलच्या भिंतीवर आहे. आणि आमचे ट्रकवाले बघा, माताजीचा फोटो लावल्याशिवाय गाडी काढत नाय. विमानावर माताजी बसली तर सारूंज ने? चांगलंच आहे!"

"नाचणारी माणसं काढा," हिरी म्हणाली. "झाडं काढा, मोर काढा, तारपावाला काढा. कोण नाय म्हणतं? ट्रकवर बसते ती माय वेगळी. ती वाटेची. ही लग्नाला येते. बोलावलं की येते, मान घेते, निरोप दिला की जाते. हिला उगाच उघडी बसवून ठेवायची नाय."

"पण मावशी, दुकानात चढवून झाला. परत घेतला तर माझं किती काम—"

"शेट, तुमच्याकडं नवरात्रात गरबा बसतो ना? मातीचा, आत दिवा?"

"बसतो ने. बा, माझी आई, बसवते."

"मग दसरा झाला. तुम्हाला तो आवडला. दिसतो छान. तसाच उचलून दुकानाच्या दारात ठेवला, बाला न विचारता. चालेल?"

नविनभाई खुर्चीत मागे रेलला, पुन्हा पुढे आला. "बा तो मने घरमांथी काढी मूके," तो पुटपुटला, आणि मग मराठीत, "घराबाहेर काढेल मला." मग बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बूट दाराबाहेर ठेवून आला. "सांगा, काय करायचं?"

आधी त्याने दुकानातली फाईल मागे घेतली. त्यात त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. "गेला माझा नंबर," तो म्हणाला. "पुढचा विमान तुला देताना मी दहा वेळा विचार करेल हं, दक्षाबेन. सांगून ठेवतो." दक्षाला ते ऐकूनही काही वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या 'झाकण' नावाच्या थरावर होतं.

हिरी पडद्यासमोर उभी राहिली. देवीला ती पहिल्यांदाच बघत होती, दक्षाच्या लग्नानंतर. जवळ गेली, लांब झाली. "ही माझीच रेघ," ती म्हणाली. एवढंच. मग नारळ टेबलावर ठेवला, तांदळाचे चार दाणे त्याच्यासमोर टाकले आणि गाणं धरलं. लांब, संथ, नाकातून निघणारं. खाली रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. नविनभाई हात जोडून भिंतीशी उभा होता. त्याने एसी बंद केला होता, कुणी सांगितलं नसताना.

गाणं संपता संपता हिरीने मान हलवली. दक्षाने बटण दाबलं. पडद्यावर एक चौकोन आला.

"काय म्हणतोय तो?" हिरीने विचारलं.

"खरंच काढू का, म्हणून विचारतोय."

"शहाणा हाय. सांग त्याला, निरोप झाला."

दक्षाने होय म्हटलं. शेपूट मोकळी झाली.

"आता सुटली?"

दक्षा अडखळली. "आये, माझ्या लॅपटॉपवर पण हाय. आणि नविनभाईंनी जपून ठेवलेली एक प्रत असते, त्यात."

"कॉपीला पण गाणं?" नविनभाई म्हणाला.

"कॉपीत ती नाय का?"

"आहे."

"मग?"

तिन्ही जागी गाणं झालं. शेवटच्या वेळी हिरीचा आवाज बसला होता. मग दक्षाने मोबाईलमधला भिंतीचा मूळ फोटोही काढून टाकला, आणि विमानाच्या अंगावरचं जुनेपण पुन्हा बसवावं म्हणून खालच्या दुकानाच्या शटरचा फोटो काढून आणला. त्यालाही फिल्टर लावून पाहिला. गंजाखेरीज काही वर आलं नाही.

पण एक राहिलं होतं. ते जाहिरातीचं चित्र नविनभाईने विमानवाल्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्याने ते दक्षासकट सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसलं, आणि पुसता पुसता थांबला. दक्षा मागे उभी होती. कुणा परक्याने ते आधीच उचलून आपल्या पानावर लावलं होतं. नविनभाईने त्याला इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, हात जोडल्याची खूण टाकली. उत्तर आलं नाही. त्याने दक्षाकडे पाहिलं आणि हळूच पडदा बंद केला. हिरी पाणी पीत होती.

परत येताना गाडीत हिरीला डुलकी लागली. दक्षाच्या मांडीवर मोबाईल होता. ती दर थोड्या वेळाने ते पान उघडून बघायची. चित्र होतंच. आये दमली आहे, ती मनात म्हणायची. तीनदा गाणं म्हटलं तिने. आता आणखी काय सांगायचं? आणि सांगून तरी ती काय करणार, त्या परक्या माणसाच्या घरी कुठली एसटी जाते?

दुसऱ्या दिवशी सवाशिणी जमल्या. भिंत वाळून तांबूस झाली होती, पिठाचे तांदूळ भिजत पडले होते. सुरुवात करण्याआधी हिरीने सूप मागितलं. दाणे बघायचे होते. मूठभर तांदूळ सुपात सोडायचे आणि दोन-दोन करून सारायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर देवी यायला राजी, एक उरला तर नाही. एरवी हिरी हे रीत म्हणून उरकून टाकायची. आज ती उकिडवी बसून एकेक जोडी बोटाने सारत होती.

एक दाणा उरला.

भिकी म्हणाली, "पुन्हा बघ गो, हवेने हलला असेल." हिरीने पुन्हा बघितलं नाही. ती त्या एका दाण्याकडे बघत राहिली. बाहेर रविंदरचे दोस्त मांडवाला पाला बांधत होते, त्यांचं हसणं आत येत होतं.

बायांच्या समोर बोलायचं म्हणजे पाड्याला कायमचं तोंड देणं. तरी ती पुढे येऊन हिरीच्या शेजारी बसली.

"आये, ती अजून एके ठिकाणी हाय. काल मला ठाऊक होतं. एका परक्या माणसाने चित्र घेतलंय. तो आपल्या ओळखीचा नाय, बोलत नाय. मी तुला सांगितलं नाय."

"काय हाय? कोण हाय?" बायांत कुजबुज झाली.

हिरीने हात वर करून त्यांना थांबवलं. मग म्हणाली, "त्याने बोलावली का तिला?"

"नाय. त्याला ठाऊकच नाय ती कोण."

"गाणं म्हटलं? दाणे ठेवले?"

"नाय."

"मग त्याच्याकडं कागद हाय. बोलावली आपण, निरोप पण आपण दिला. तिला कळत असेल ना कुठून निघायचं ते." हे ती दक्षाला सांगत होती की स्वतःला, ते तिलाही नीट ठाऊक नसावं. आवाजात तेवढी खात्री नव्हती. तिने सुपातले दाणे बाजूला केले आणि तांदळाचं टोपलं दक्षापुढे सरकवलं. "तू सोड आता."

"मी?"

"चूक तुझी. हात पण तुझा."

दक्षाने मूठ भरली. तळहाताला दरदरून घाम सुटला होता. तिने डोळे मिटून दाणे सुपात सोडले. हिरी जोड्या सारायला लागली. सगळ्या बाया वाकून बघत होत्या. दोन, दोन, दोन. शेवटची जोडी लागली आणि एकही दाणा उरला नाही.

"आली गो बाय!" भिकीने टाळी वाजवली.

दक्षाने मूठ उघडली. तळव्याच्या घडीत एक दाणा चिकटून राहिला होता; तो धरला तर पुन्हा एक उरत होता.

कुणीच पाहिला नव्हता. बाया उठायलाही लागल्या होत्या, कुणी पिठाचं भांडं आणायला, कुणी रेघ ओढायची काडी चावून मऊ करायला. नुसती मूठ मिटली असती तरी झालं असतं.

"आये," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "एक हाताला राहिला."

हिरीने तिचं मनगट धरून तळहात उजेडाकडे वळवला. दाणा होता, घामाने ओला झालेला.

"सुपात पडतात ते देवीचे," हिरी शेवटी म्हणाली. "हातातला कुणाचा, हे मला कुणी शिकवलं नाय." तिने तो दाणा बोटाने उचलला, इकडे तिकडे पाहिलं आणि भिजत घातलेल्या तांदळात टाकून दिला. "वाट सगळे एकत्र. बारीक वाट. खडा राहिला तर रेघ तुटते."

दक्षाने पाटा पुढे ओढला. ती वाटत राहिली. पीठ बारीक झालं तरी वाटत राहिली, शेवटी भिकीने भांडं तिच्या हातून काढून घेतलं. "आता काय पाणी वाटतेस?"

देवीची जागा हिरीने आपल्याकडे ठेवली. बाहेरच्या चौकटीची पहिली आडवी रेघ काढायला तिने दक्षाला सांगितलं. दक्षाने काडी पिठात बुडवली, भिंतीला टेकवली, आणि तिला वाटलं, तांबड्या गेरूच्या आतून कुणीतरी बघतंय. रागाने की मायेने, तेवढं कळत नव्हतं. तिने रेघ ओढली. किंचित हलली, पण तुटली नाही.

हिरीने त्या रेघेकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला, आणि बसलेल्या आवाजातच बोलावण्याचं गाणं सुरू केलं.